रॅम वाढवायला सांगितली आणि ऐकलं ‘बोर्ड उडालाय’

जुना डेस्कटॉप अजून कामाला लावून ठेवलेल्या सोलापूरकरांसाठी हे लिहितोय. रॅम बदलताना मशीन बंद पडलं की चांगला बोर्ड (मदरबोर्ड) ‘उडाला’ म्हणून पैसे काढायचे, नेमकी हीच फसवणूक माझ्या ओळखीतल्या आणखी दोघांच्या वाट्याला आली आहे.

माझं लग्नपत्रिका आणि पावतीपुस्तकांच्या डीटीपीचं काम. गड्ड्याच्या जत्रेआधी कामाची गर्दी, त्यात इंटेल प्रोसेसरचा जुना पीसी फार रखडायला लागला. नवी पेठेतल्या एका दुकानातून ४ जीबीच्या जागी ८ जीबीची डीडीआर३ (जुन्या मशीनला लागणाऱ्या प्रकारची) रॅम मागवली. दुकानातला पोरगा येऊन बसवू लागला आणि डिस्प्लेच येईना. पंखा फिरतोय, बीप वाजतोय, स्क्रीन काळी. मी म्हटलं, जुनी रॅम परत लावून बघ. तो ऐकेना. “बोर्ड उडालाय की ओ काका, दुकानात न्यावं लागतंय,” म्हणत कॅबिनेट उचललं. संध्याकाळी फोन आला: बोर्ड शॉर्ट झालाय, सेकंडहँड बसवतो, ३,५०० रुपये. काम अडलेलं होतं, द्यावे लागले.

जुना बोर्ड आणि ती न चाललेली रॅम मात्र मी मागून घेतली. कुरकुरत दिली. जुळे सोलापुरातल्या एका रिपेअरिंगवाल्या मित्राने त्या बोर्डवर माझी जुनी ४ जीबीची रॅम लावली. लगेच डिस्प्ले! बोर्डाला काहीच झालं नव्हतं. दुकानातली ८ जीबी लावली की पुन्हा काळोख. तीच रॅम त्याच्याकडच्या एएमडीच्या (इंटेलसारखीच प्रोसेसर बनवणारी दुसरी कंपनी) मशीनवर मुकाट चालली.

बाजारात एक स्वस्तातली डीडीआर३ मिळते, ती फक्त एएमडीच्या बोर्डांवर चालते. तिच्यातल्या चिपची मांडणी इंटेलच्या डेस्कटॉप बोर्डांना ओळखता येत नाही. खाच तीच, पिना त्याच २४०, म्हणून स्लॉटमध्ये व्यवस्थित बसते आणि दोष बोर्डावर ढकलता येतो. विकणाऱ्याला हे माहीत असतं. माझा राग त्याचाच आहे.

रॅम बदलेपर्यंत चालणारं मशीन बदलताक्षणी बंद पडलं, तर पहिला संशय रॅमवरच घ्यायचा. पॉवर केबल काढून जुनी रॅम तुमच्या डोळ्यांसमोर परत लावायला सांगा. तरीही डिस्प्ले नाही आला, तर रॅमची दोन्ही टोकं टक् आवाज करून बसलीत का बघा, तिची सोनेरी पट्टी खोडरबराने पुसा, दुसरा स्लॉट वापरा, बोर्डवरचा ३ व्होल्टचा सेल थोडा वेळ काढून परत घाला. एवढं होईपर्यंत कॅबिनेट घराबाहेर जाऊ देऊ नका.

बिलावर रॅमची कंपनी आणि सिरियल नंबर लिहून घ्या. मला साधी कच्ची पावती दिली होती, तरी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनने १९१५ वर तक्रार नोंदवून घेतली. जिल्हा ग्राहक आयोगात २ वर्षांच्या आत जाता येतं आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. तुमचा ‘उडालेला’ बोर्ड अजून दुकानातच पडला असेल, तर आजच जाऊन ताब्यात घ्या. तो भंगारात गेला की हातात पुरावाच उरत नाही.