वेसावे–मढ फेरी: पाच मिनिटांची, पण तिथी बघून

मुंबईत वेसाव्याहून (म्हणजेच वर्सोव्याहून) खाडीपलीकडच्या मढला बोटीने जाताना पहिली फसगत नावापाशीच होते. वर्सोवा मेट्रो स्थानक चार बंगला–सात बंगला भागात आहे, आणि मढची बोट सुटते वेसावे कोळीवाड्याच्या पार टोकाच्या धक्क्यावरून. मधे दोन-तीन किलोमीटर. रिक्षावाल्याला नुसतं ‘वर्सोवा’ म्हटलंत तर तो चौपाटीवर नेऊन सोडेल. ‘गावातला धक्का, मढची बोट’ असं स्पष्ट सांगायचं.

बोट मालाडच्या खाडीचं तोंड ओलांडते, एवढंच. पाण्यावर जेमतेम पाच मिनिटं. पण पलीकडे गाडीने जायचं म्हटलं तर मालाड-मार्वेला वळसा घालून वीस-बावीस किलोमीटर होतात, आणि त्यात मार्वे रोडची गर्दी. दुचाकी बोटीत चढते, तिचं तिकीट वेगळं. चारचाकीला सोय नाही. सुट्टे पैसे हातात ठेवा.

नुसती जलसफर म्हणून गेलात तर पैसे वसूल झाल्यासारखं वाटणार नाही; बसेपर्यंत उतरायची वेळ होते. मात्र मुंबईचा हा किनारा कसा बनलाय ते एका नजरेत बघायचं असेल तर मधल्या पाण्याइतकी चांगली जागा नाही. एका अंगाला उघडा समुद्र, दुसऱ्या अंगाला खारफुटी आणि तिच्यामागे मालाड-गोरेगावचे मनोरे. ओशिवरा नदी याच खाडीत येते, आणि तिच्यासोबत उपनगराचं सांडपाणीही. नाकाला झोंबतो तो वास बराचसा त्याचा. मासळीवर उगाच आळ घेऊ नये. मढला ‘आयलंड’ म्हणतात खरं, पण आज तिथे मालाडहून रस्ता थेट जातो.

मढच्या टोकाला किल्ला आहे. तो तिथेच का, याचं उत्तरही या पाण्यावरच मिळतं. खाडीत शिरणारं प्रत्येक गलबत मढच्या टोकाच्या नजरेखालून जाणार. पोर्तुगीजांनी 17व्या शतकात तिथे गढी बांधली ती त्यासाठीच. 1739 मध्ये चिमाजी अप्पांच्या वसई मोहिमेत मराठ्यांनी ती घेतली. 1774 अखेर इंग्रजांनी साष्टीचा (मुंबईच्या उत्तरेकडच्या मोठ्या बेटाचा) ताबा घेतला आणि या भागातला मराठी अंमल संपला. आता परिसर हवाई दलाकडे आहे आणि परवानगीशिवाय आत सोडत नाहीत. बाहेरची तटबंदी आणि बुरूज अजून चांगले उभे आहेत, तेवढ्यावर समाधान मानायचं. शेजारचं किल्लेश्वर मंदिर बघता येतं. फोटो काढण्याआधी पाटी वाचा, पहारेकऱ्याशी हुज्जत घालून काही मिळत नाही.

आता खरी गोम. ही फेरी कशी वाटेल ते बोटीपेक्षा पाण्यावर ठरतं. उधाणाच्या, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासच्या मोठ्या भरतीच्या दिवसांत मुंबईला भरती-ओहोटीतला फरक चार मीटरच्या वर जातो. ओहोटीला खाडीच्या कडेचा चिखल उघडा पडतो, धक्क्याच्या शेवाळलेल्या पायऱ्या वर येतात, बोट खाली जाते आणि चढउतार अवघड होते, वयस्कर माणूस किंवा दुचाकी सोबत असेल तर जास्तच. तेव्हा निघण्याआधी तिथी बघावी. कोकणातला जुना आडाखा असा: पक्षातल्या तिथीला पाऊणने गुणलं की पूर्ण भरतीची वेळ येते. चतुर्थीला तीन, षष्ठीला साडेचार, अष्टमीला सहा. पौर्णिमा-अमावास्येला पंधरा पाऊणे सव्वाअकरा. भरतीनंतर साधारण सव्वासहा तासांनी ओहोटी. चंद्र रोज पाऊण तासाहून थोडा जास्त उशीर करतो, म्हणून हे गणित चालतं. प्रत्यक्षात तासभर पुढेमागे धरा आणि अचूक वेळ हवी तर छापील भरतीचं कोष्टक बघा.

यातून निघतं असं, की संध्याकाळी चार ते सहाच्या सुमाराला जायचं तर पंचमी ते अष्टमी उत्तम. पाणी भरलेलं असतं, आणि अष्टमीकडे भांग, म्हणजे लहान भरती-ओहोटी, असल्याने ओढही कमी. अमावास्येची किंवा पौर्णिमेची संध्याकाळ म्हणजे नेमकी उधाणाची ओहोटी: सगळ्यात जास्त चिखल, सगळ्यात निसरड्या पायऱ्या. त्यात रविवार आला तर रांगही.

हीच तिथी कोळीवाड्याचा बाजारही ठरवते. डोलीचं जाळं समुद्रात रोवलेल्या खुंटांना बांधतात, तोंड प्रवाहाकडे; मासळी पाण्याच्या ओढीनेच आत येते. उधाणाला ओढ जास्त, म्हणून बोंबील, जवळा, मांदेली जास्त. भांगाला माल कमी. म्हणजे निवांत फेरी आणि भरगच्च बाजार एकाच दिवशी मिळणं कठीण. दोन्हींतून एक निवडायचं तर बाजार निवडावा, तोही सकाळचा.

पावसाळा सरल्यावर वेसाव्यात बोंबील वाळायला टांगलेले दिसतात. बारकाईने बघा: दोन-दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून जोडी दोरीवर टाकलेली असते, ना गाठ ना खिळा. ताज्या बोंबलात नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणीच, त्यामुळे कडक ऊन आणि वारा दोन्ही लागतात. मधेच ढग आले की माल पिवळा पडतो. सुका घेताना वाकवून बघा. काटकीसारखा मोडला पाहिजे. लवला, तर आत ओल आहे आणि घरी डब्यात बुरशी धरणार.

मढला उतरल्यावर रिक्षा मिळतात. एरंगळचं सेंट बोनाव्हेंचर चर्च समुद्राला लागून आहे; जानेवारीच्या दुसऱ्या रविवारी तिथला सण असतो, त्या दिवशी निवांतपणाची अपेक्षा ठेवू नका. अक्सा किनारा बघायला छान, पण पाण्यात उतरू नये. तिथली वाळू सरकते, प्रवाह आत ओढतो, आणि बुडाल्याच्या बातम्या दरवर्षी येतात.

मोठा उणेपणा पावसाळ्याचा. ते चार महिने फेरी बंद, मग वळसाच. इथे पूल बांधायची महापालिकेची योजना आहे, पण सध्या भरवसा बोटीचाच. उतरल्या उतरल्या धक्क्यावर शेवटच्या बोटीची वेळ विचारून घ्या. चुकलीच तर मढ जेट्टीहून मालाड स्टेशनला बेस्टची 271 नंबरची बस आहे.