दांडिया बाजारातलं जुनं मेडिकल: चार स्टार, ते काकांना, भिंतीवरच्या फ्रेमला नाही

बडोद्यात डिस्काउंटचे बोर्ड लावलेली मेडिकल्स आता गल्लोगल्ली झालीत, तरी आईची औषधं आम्ही इथूनच घेतो, कारण काउंटरवरचे काका स्वतः फार्मासिस्ट आहेत, कुणाचं तरी लायसन्स भाड्याने आणून टांगलेलं नाही. इन्सुलिन बर्फाच्या पाऊचमध्ये देतात, गोळ्या सुट्या मागितल्या तर पट्टी अशी कापतात की एक्स्पायरीचा भाग आधी आपल्याला दाखवतात, आणि अँटिबायोटिक चिठ्ठीशिवाय मागितलं की सरळ "नाही मिळणार". एच-वनवाल्या, म्हणजे ज्यांच्या विक्रीची नोंद ठेवावीच लागते अशा औषधांचं रजिस्टरही खरंच भरतात, पेशंट, डॉक्टर सगळं लिहून.

मागे भिंतीवर केमिस्ट असोसिएशनच्या मेंबरशिपचं सर्टिफिकेट फ्रेम करून लावलंय, त्याचं मात्र मला कौतुक नाही. लंडनची अपोथिकरींची, म्हणजे तिथल्या जुन्या औषधवाल्यांची सोसायटी घ्या, १६१७ साली किराणा-मसालेवाल्यांच्या कंपनीतून वेगळी झाली, तिची माणसं दुकानोदुकानी जाऊन औषधं तपासायची, खराब निघाली तर नष्ट करायची, १८१५ च्या कायद्यानंतर तर परीक्षा घेऊन लायसन्सही तेच द्यायला लागले. साधुसंत नव्हते ते, मक्तेदारी होतीच, फिजिशियन लोकांशी त्यांचं भांडण १७०४ मध्ये पार हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेलं होतं. पण गिऱ्हाइकाच्या पदरात तपासलेला माल तरी पडायचा ना! आपल्याकडे तपासणी ड्रग इन्स्पेक्टरची, मग असोसिएशनकडे उरलं काय, मार्जिन आणि बंदची हाक. आपल्या बडोद्याच्याच केमिस्ट असोसिएशनवर २०१२ मध्ये कॉम्पिटिशन कमिशनने दंड लावला होता, असोसिएशनच्या एनओसीशिवाय, म्हणजे ना-हरकत पत्राशिवाय, औषध कंपनीने नवा स्टॉकिस्ट (होलसेल विक्रेता) नेमायचा नाही ह्या असल्या प्रकारांवरून.

हे काकांना बोललो तर चिडले नाहीत, म्हणाले, "अरे भाऊ, एक्स्पायर झालेला माल कंपनी परत घेत नाही तेव्हा मी एकटा कुणाशी भांडू?" ह्यात पॉइंट आहे, मान्य. पण तो त्यांच्या फायद्याचा झाला, माझ्या आईच्या नाही, तिच्या कामाला काकांचं रजिस्टर येतं.

एक स्टार कापला तो वेगळ्याच कारणासाठी. दुपारी एक ते चार शटर खाली, फोन उचलत नाहीत, डिस्काउंट शून्य, आणि पार्किंगच्या नावाने बोंब, गाडी सुरसागरकडे लावून चालत या. इन्सुलिन घ्यायचं असेल तर चारनंतरच जा, तेव्हा काका स्वतः असतात, सकाळी पोरगा असतो आणि त्याला डॉक्टरांचं अक्षर लागत नाही.