'कोकणातली हवाच दमट' म्हणून खपवलेली चिकट पिंपं

गणपतीच्या देखाव्यात रत्नागिरीच्या मिरकरवाडा मासेमारी बंदरासारखी जेट्टी १:३५ मापात (खऱ्याच्या पस्तिसाव्या हिश्श्याएवढी) उभी करायची, तर बोटीइतकीच पिंपं, क्रेट आणि डिझेलचे कॅन लागतात. त्यांच्याशिवाय बंदर ओकंबोकं दिसतं. नेमकी ही गरज हेरून ऑनलाइन एक 'बंदर सेट' विकला जातोय. रत्नागिरी-मालवण पट्ट्यात ज्यांनी तो घेतला, त्यांच्या हाती आलेला माल असा होता.

पहिली फसवणूक मापाची. खरं २०० लिटरचं पत्र्याचं पिंप उंचीला साधारण ८८ सेंमी आणि रुंदीला ५८ सेंमी असतं. ३५ ने भागलं की २५ मिमी आणि १६.६ मिमी येतात. सेटमधली पिंपं उंचीला भरली १८ मिमी, म्हणजे ती १:४८ ची. क्रेट मात्र १७ मिमी लांब, बरोबर १:३५ चे. पूर्ण सेट चुकीचा असता तर लगेच कळलं असतं, पण असा मिसळलेला माल मांडणी होईपर्यंत डोळ्याला खुपत नाही. कोळणीची मूर्ती शेजारी ठेवली की पिंप कमरेला लागायला हवं, ते मांडीपर्यंतच पोचतं. म्हणून पैसे भरण्याआधी वस्तूशेजारी पट्टी ठेवलेला फोटो मागा. 'दिलेल्या मापाप्रमाणेच आहे' एवढंच उत्तर आलं, तर तो माल घेऊ नका.

दुसरी फसवणूक जास्त घातक. 'कास्टिंग रेझिन' (साच्यात ओतून घट्ट केलेलं प्लास्टिकसारखं द्रव्य) म्हणून आलेली पिंपं थ्रीडी प्रिंटरवर काढलेली, आतून पोकळ, आणि द्रव रेझिन बाहेर पडायला तळाला भोकच नाही. हे रेझिन यूव्ही (अतिनील) प्रकाशाने घट्ट होतं; आत अडकलेल्या रेझिनपर्यंत तो नीट पोचत नाही, म्हणून ते कच्चंच राहतं. मग काही आठवड्यांनी, कधी महिन्यांनी, भिंतीला बारीक तडा जातो आणि पिवळसर चिकट ओघळ रंगवलेल्या जेट्टीवर उतरतो. तक्रार केली की विक्रेत्याचं उत्तर ठरलेलं: 'तुमच्याकडची हवा दमट, त्यामुळे चिकटतंय.' हे साफ खोटं आहे. दमट हवेत लॅकरच्या फवाऱ्यावर दुधी पांढरट झाक येते. नीट घट्ट झालेलं रेझिन ऐन आषाढातही चिकट होत नाही.

घेऊन बसलाच असाल तर नायट्राइल हातमोजे घालून तळाला १.५ ते २ मिमीची दोन भोकं पाडा. एकातून द्रव बाहेर येतो, दुसऱ्यातून हवा आत जाते. सिरिंजने आयसोप्रोपिल अल्कोहोल आत सोडून दोन-तीनदा खळबळवा, पूर्ण सुकू द्या, मग ४०५ नॅनोमीटरचा यूव्ही दिवा आतबाहेर दाखवा. धुतल्यावर निघालेलं अल्कोहोल मोरीत ओतू नका, ते मासळीला विष आहे. तडा गेलेलं पिंप मात्र टाकूनच द्या, वरून पुट्टी भरून ते थांबत नाही.

'पैसे परत करतो, हा क्यूआर स्कॅन करा' असा निरोप आला तर थांबा. पैसे घ्यायला यूपीआय पिन कधीच लागत नाही. पिन टाकून पैसे गेलेच, तर लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन करा. खराब मालाची तक्रार ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर होते.

पार्सल उघडताना न थांबता व्हिडिओ काढा, त्यात मोजपट्टी दिसू द्या. चिकटपणा फोटोत दिसत नाही. टिश्यू पेपरचा कपटा पिंपावर दाबा आणि पिंप उलटं धरा. कपटा लोंबकळत राहिलेला त्याच व्हिडिओत टिपा.