मार्माइट रिव्ह्यू : एक स्टार नाहीतर पाच, मधलं काही नाही

यूकेला नवीन आलेलं कोणीही सुपरमार्केटमध्ये जॅमच्या शेल्फसमोर उभं राहिलं की ती पिवळ्या झाकणाची काळी ढेरपोटी बरणी दिसतेच, मग फोटो काढून मला पाठवतात, ताई हे चॉकलेट स्प्रेड आहे का गं. नाही. अजिबात नाही. कृपा करून चमचाभर तोंडात टाकू नका, तसं करून आयुष्यभर नाव टाकलेले लोक माझ्या ओळखीत आहेत.

तर हे मार्माइट. बिअर बनवताना खाली जे यीस्ट उरतं ना, त्याचा आटवलेला अर्क. असं यीस्ट घट्ट करून खाता येतं हे लीबिग नावाच्या जर्मन केमिस्टने शोधलं आणि 1902 ला बर्टन अपॉन ट्रेंटला कंपनी निघाली, कारण ते गावच बिअरच्या भट्ट्यांचं, यीस्ट हवं तेवढं. बिअरचं नाव ऐकून दचकू नका, यात दारू नाही आणि पूर्ण व्हेज आहे. दिसायला काकवीसारखं, पण चवीला खारट, कडवट, आणि मागून एक भाजल्यासारखी दाट चव येते जी जिभेवर बराच वेळ बसून राहते. सोया सॉस आवडत असेल तर पन्नास टक्के चान्स आहे की हे आवडेल. पन्नासच, जास्त नाही सांगत.

मला प्रचंड आवडतं. नवऱ्याला बरणीचं झाकण उघडलेलं पण चालत नाही, आणि हा माणूस अलिबागचा, सुकट भाजली की हॉलमधून उठून किचनमध्ये येऊन उभा राहणारा! तेव्हा वासाबद्दल त्याने बोलावं का, हा प्रश्न मी विचारून झालाय, उत्तर आलं नाही. इंग्रज म्हणतात वन मॅन्स मीट इज अनदर मॅन्स पॉयझन, आपण व्यक्ती तितक्या प्रकृती म्हणून मोकळे होतो, पण एकाच डायनिंग टेबलवर सकाळी सकाळी ते निभवायचं म्हणजे मी टोस्ट खिडकीशी बसून खाते आणि तो चहा घेऊन दुसऱ्या खोलीत जातो. चाललंय.

कंपनीचं मला कौतुक वाटतं ते इथे. बाकी सगळे सांगतात की आमचा माल सगळ्यांना आवडतो, यांनी 1996 पासून जाहिरातच केली की लव्ह इट ऑर हेट इट, म्हणजे अर्धा देश तोंड वाकडं करतो हे स्वतःच ओरडून सांगितलं आणि त्यावरच माल विकला. आता तर इथे माणसांनाही मार्माइट म्हणतात, एखादा नेता किंवा कॉमेडियन एकतर डोक्यावर घ्यावा नाहीतर चॅनल बदलावा असा असला की तो मार्माइट. 2016 ला पौंड पडला तेव्हा मार्माइट बनवणारी युनिलिव्हर आणि टेस्को ही सुपरमार्केटवाली कंपनी यांचं भावावरून वाजलं आणि टेस्कोच्या वेबसाइटवरून मार्माइट गायब झालं, तर बातम्यांमध्ये हेच. न खाणारेसुद्धा त्यावर बोलत होते.

आणि एक गोष्ट जी आपल्या लोकांना माहीत असायलाच हवी. 1928 ला लूसी विल्स नावाच्या इंग्लिश डॉक्टर मुंबईत आल्या, कापड गिरण्यांत काम करणाऱ्या गरोदर बायकांना एक भयंकर अ‍ॅनिमिया होत होता, त्याचं कारण शोधायला. परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये काम केलं. आधी उंदरांवर, मग माकडांवर प्रयोग, आणि गुण कशाने आला तर यीस्टच्या अर्काने, म्हणजे ह्याच मार्माइटने! मग ते बायकांना दिलं, त्या बऱ्या झाल्या, 1931 ला त्यावरचा शोधनिबंध छापून आला. त्यात नेमकं काय होतं ते तेव्हा कळलं नव्हतं, नंतर कळलं की ते फोलेट, बी गटातलं एक व्हिटॅमिन, ज्याचं गोळीतलं रूप म्हणजे फॉलिक अ‍ॅसिड. आज गरोदरपणात फॉलिक अ‍ॅसिडची गोळी देतात ना, तिच्या मुळाशी परळचं हे काम आहे. गिरणगावातल्या त्या बायकांना चव आवडली का, हे कोणी विचारलं असेल असं मला वाटत नाही.

असो, खायचं कसं. टोस्ट गरम हवा, आधी भरपूर बटर, मग सुरीच्या टोकावर येईल एवढंच मार्माइट, आणि ते पसरायचं पण नाही, खरवडायचं. ब्रेड तपकिरी दिसला म्हणजे जास्त झालं. वर चीजची स्लाइस टाकली तर आणखी छान. मी अर्धा चमचा मसूरच्या आमटीत टाकते, मशरूमच्या भाजीत तर टाकतेच टाकते, फक्त मीठ शेवटी चाखून घाला कारण शंभर ग्रॅममध्ये 10 ग्रॅमच्या आसपास मीठ आहे. बीपीवाल्यांनी जपून. ग्लुटेन चालत नाही त्यांनी लांबच राहा, बार्ली गहू सगळं आहे लेबलवर. श्रीलंकेचे लोक गरम पाण्यात घालून लिंबू पिळून पितात, सर्दीत मस्त लागतं, करून बघा.

ऑस्ट्रेलियाचं व्हेजिमाइट म्हणजे हेच असं समजून घेऊ नका, ते घट्ट पेस्ट असतं आणि चव वेगळी, दोन्हीकडचे लोक यावरून भांडतात आणि भांडू देत. न्यूझीलंडमध्ये मार्माइट नावानेच मिळतं ते पण वेगळं, दुसऱ्या कंपनीचं.

माझे पाच स्टार, घरातून एक. सरासरी काढून तीन समजाल तर फसाल, तीन स्टारवालं मार्माइट खाणारा माणूस मला अजून भेटायचाय. पहिल्यांदा घेत असाल तर सगळ्यात लहान बरणी घ्या, नाहीच जमलं तर ऑफिसच्या किचनमध्ये ठेवून द्या, संध्याकाळपर्यंत कोणीतरी उघडलेली असेल. आणि अगदीच हिंमत होत नसेल तर पीनट बटरवालं मार्माइट निघालंय, त्यापासून सुरुवात करा, ते नवऱ्याने अर्धा टोस्ट खाल्लं होतं.