लिस्बन की कोइंब्रा: जुन्या फादोतली गितार्रा ओळखताना

फादो हे पोर्तुगालचं गाणं; त्याच्या साथीची पोर्तुगीज गितार्रा दोन प्रकारची, लिस्बन शहराची आणि कोइंब्रा शहराची. दोन्हींना तारा बाराच, सहा जोड्यांत. खर्जाच्या तीन जोड्या सप्तकाच्या अंतराने लावलेल्या, वरच्या तीन एकाच स्वरात. फरक सुरू होतो लावणीपासून, म्हणजे तारा कोणत्या स्वरांत लावल्या आहेत त्यापासून. लिस्बनची खालून वर डी-ए-बी-ई-ए-बी, कोइंब्राची बरोबर एक पूर्ण स्वर खाली: सी-जी-ए-डी-जी-ए.

फोटो असेल तर आधी वाद्याचं डोकं, म्हणजे खुंट्यांकडचं टोक पाहा. लिस्बनच्या गितार्रेला गोगलगाईसारखी गुंडाळी, कोइंब्राच्या गितार्रेला अश्रूचा थेंब. कोइंब्राची तार लांब, साधारण ४७ सेंटिमीटर; लिस्बनची ४४च्या आसपास. कोइंब्राच्या गितार्रेला आजचं रूप आलं ते कोइंब्राचे वादक आर्तुर पारेदिश (१८९९–१९८०) आणि ग्रासियू घराण्यातल्या कारागिरांमुळे. त्यामुळे त्याआधीच्या वाद्याला हे निकष डोळे झाकून लावू नयेत.

फक्त ध्वनिमुद्रिका हाताशी असेल, तर स्वराच्या उंचीवर निकाल देण्याची घाई नको. मिनिटाला ७८ फेऱ्यांची तबकडी ७४ने फिरली की आवाज जवळजवळ अर्धा स्वर उतरतो. पूर्ण स्वर उतरायला वेग साडेएकोणसत्तरपर्यंत यावा लागतो. म्हणून मोकळ्या, म्हणजे बोट न दाबता वाजवलेल्या तारांची घुमणारी जागा शोधा. वेग चुकला तरी बोटांची ठेवण बदलत नाही.

वाजवून पडताळायचं असेल तर लिस्बनची लावणी कोइंब्राच्या वाद्यावर चढवू नका: तारांवरचा ताण सुमारे २६ टक्के वाढतो आणि वरची बारीक तार आधी तुटते. उलट केलं तर तारा ढिल्या पडून पडद्यांवर झणझणतात. तेवढं चालतं, पण तो आवाज कोइंब्राचा नव्हे.