‘गॅस संपलाय’ म्हणणाऱ्याला आधी गळती दाखवायला सांगा

सेंट्रल एसीतला गॅस संपत नाही. गाडीतल्या पेट्रोलसारखा तो जळून जात नाही. बंद नळ्यांमधून तोच गॅस वर्षानुवर्षं फिरतो, घरातली उष्णता उचलतो आणि बाहेरच्या युनिटमध्ये सोडून देतो. तो कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे, आणि गळती न शोधता गॅस भरणं म्हणजे ग्राहकाचे पैसे वाया घालवणं. आमच्याकडे ज्यांचा देखभालीचा करार होता, त्यांचा माणूस मात्र दर मोसमात ‘गॅस डाऊन झालाय’ म्हणायचा आणि गॅसचं वेगळं बिल लावायचा. कारण करारात ‘गॅस वगळून’ असं लिहिलेलं होतं.

लक्षणं खरी असायची, म्हणूनच संशय येत नाही. लांबच्या खोल्यांत वारा जेमतेम यायचा, जाड नळीवर बर्फ धरायचा. तो गेज (गॅसचा दाब मोजणारं मीटर) लावून काटा दाखवायचा: ‘बघा, प्रेशर किती खाली आलंय.’ मग यंत्रणा बंद करून सिलिंडर घेऊन बराच वेळ बाहेर काम करायचा. पुन्हा चालू केल्यावर घर गारेगार व्हायचं. काही आठवड्यांनी पुन्हा तेच.

हे नीट समजून घ्या, कारण सगळी लबाडी इथेच आहे. फिल्टर किंवा आतली कॉइल (घरातली हवा गार करणारी गॅसच्या नळ्यांची जाळी) धुळीनं बुजली की कॉइलवरून पुरेशी हवा जात नाही. हवा नाही म्हणजे गॅसला उष्णता मिळत नाही, त्यामुळे सक्शनचं, म्हणजे कॉम्प्रेसरकडे परत जाणाऱ्या गॅसचं, प्रेशर घसरतं आणि कॉइलचं तापमान शून्याखाली जाऊन तिच्यावर बर्फ चढतो. गॅस कमी असला तरी गेजवर असंच दिसतं. त्यामुळे नुसता काटा पाहून गॅस कमी आहे असं ठरवताच येत नाही. आणि यंत्रणा बराच वेळ बंद ठेवली की बर्फ आपोआप वितळतो, हवा पुन्हा खेळते, थंडावा परत येतो. आम्हाला वाटायचं, गॅसनं काम केलं. काम वितळलेल्या बर्फानं केलेलं असायचं!

पुढचा घाव मोठा होता. एकदा बाहेरचं युनिट नुसतं गुणगुणू लागलं आणि ट्रिप होऊ लागलं. त्यानं कॉम्प्रेसरच्या (गॅस दाबून फिरवणाऱ्या पंपाच्या) दोन टर्मिनलना मल्टिमीटर लावला, बीप वाजली, आणि म्हणाला, ‘वाइंडिंग जळलं. कॉम्प्रेसर गेला, आता पूर्ण सिस्टिमच बदला.’ त्या दोन टर्मिनलमध्ये बीप वाजायलाच हवी. तिथे वाइंडिंगची, म्हणजे मोटरमध्ये गुंडाळलेल्या तांब्याची, अखंड तार असते. बिघाड ठरतो तो टर्मिनल आणि कॉम्प्रेसरची धातूची बॉडी यांच्यामध्ये वीज जात असेल तर, किंवा वाइंडिंग तुटलेलं असेल तर. ते त्यानं तपासलंच नाही.

एवढा मोठा खर्च सांगितल्यावर आम्ही दुसऱ्या, करार नसलेल्या टेक्निशियनला बोलावलं. त्यानं आधी कपॅसिटर, म्हणजे कॉम्प्रेसरच्या मोटरला सुरू व्हायला जोर देणारा भाग, मोजला. त्यावर ४५ मायक्रोफॅरड छापलेलं होतं, मीटरवर त्याच्या निम्मेही येईनात. साधारणपणे ५-६ टक्क्यांचाच फरक चालतो. ती छोटीशी डबी बदलताच कॉम्प्रेसर चालू झाला. (हे घरी स्वतः करू नका. वीज बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो आणि जोराचा झटका बसतो.) मग त्यानं आतली कॉइल उघडून दाखवली. धुळीचा नमद्यासारखा थर होता, दर भेटीला ‘कॉइल क्लीनिंग’वर बरोबरची खूण असूनही.

त्याच्या पुढच्या कामानं मात्र सगळं उघडं पडलं. त्यानं रिकव्हरी मशीननं सगळा गॅस काढून वजनकाट्यावर तोलला. वजन युनिटच्या पाटीवर छापलेल्या गॅसच्या आकड्याला, नळीच्या लांबीचा हिशेब धरून, जवळजवळ जुळलं. नायट्रोजन भरून ठेवला, प्रेशर हललं नाही. म्हणजे गळती नव्हतीच. मग इतक्या मोसमांत बिलांवर चढवलेला तो किलोकिलो गॅस गेला कुठे? तो कधी आत गेलाच नव्हता.

म्हणून कुणी गॅस भरायचा म्हणालं तर सिलिंडर तुमच्यासमोर वजनकाट्यावर ठेवायला लावा आणि भरण्याआधीचं आणि नंतरचं वजन बिलावर लिहून घ्या. नुसतं प्रेशर ऐकू नका. सुपरहीट (वाफ झाल्यावर गॅस आणखी किती तापला) आणि सबकूलिंग (द्रव झाल्यावर तो आणखी किती गार झाला) किती आलं ते विचारा. प्रामाणिक माणूस लगेच मोजून सांगतो, फसवणारा चिडतो. गॅस कोणता तेही पाटीवर पाहा: आर-४१०एचं प्रेशर आर-२२पेक्षा बरंच जास्त असतं, एकाचा आकडा दुसऱ्याला लावून ग्राहकाला घाबरवता येतं. साधा थर्मामीटर घेऊन परतीच्या (खोलीतली हवा आत ओढणाऱ्या) जाळीजवळची आणि डक्टमधून येणारी हवा मोजा. साधारण ८ ते ११ अंश सेल्सिअसचा फरक ठीक समजतात, दमट हवेत थोडा कमी. आणि कोणाला बोलावण्याआधी फिल्टर पाहा. तो दर एक ते तीन महिन्यांनी बदलायचा किंवा धुवायचा असतो.

आम्ही त्या कंपनीला जुन्या बिलांच्या प्रती आणि गॅसच्या वजनाची नोंद जोडून पैसे परत मागितले आहेत. उत्तर म्हणून कराराच्या नूतनीकरणावर सवलत देऊ केली. ती नाकारून लेखी तक्रार पुढे नेली आहे. तुमच्याकडेही अशी दरवर्षीची गॅसची बिलं असतील तर ती फेकू नका. त्यांतल्या किलोंची बेरीज करून पाटीवरच्या आकड्याशी ताडून पाहा.