थंडीच्या नावावर खपवलेल्या बॅटऱ्या

थंडीत बॅटरी लवकर उतरते, हे बर्फातल्या ट्रेकला जाणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतं. बनावट बॅटऱ्या विकणाऱ्यांनाही ते पक्कं माहीत असतं, आणि त्यांचा सगळा धंदा त्यावरच चालतो. ग्राहक तक्रार घेऊन आला की उत्तर तयार: "मॅडम, मायनसमध्ये कुठलीच बॅटरी टिकत नाही." ऐकणाऱ्याला ते पटतं, कारण त्यात थोडं तथ्य असतं. आमच्या बाबतीत जे झालं ते सविस्तर लिहितेय. थंडीचा दोष कुठला आणि मालाचा कुठला, हे ओळखता येतं, आणि तक्रार करायची तर ते ओळखता यायलाच हवं.

डिसेंबरअखेर आम्ही केदारकंठाला गेलो होतो. उत्तरकाशी जिल्ह्यातलं सांकरी हे पायथ्याचं गाव, डेहराडूनहून दिवसभराचा घाटरस्ता. शिखराची उंची 3,810 मीटर, म्हणजे साडेबारा हजार फूट. हिवाळी हिमालय पहिल्यांदा बघायला निघालेल्या आपल्याकडच्या बऱ्याच जणांची सुरुवात इथूनच होते. सांकरीत स्पाइक (बुटाला लावायचे खिळे) आणि गेटर (बर्फ बुटात शिरू नये म्हणून पोटरीवरचं आवरण) भाड्याने घेताना शेजारी हमखास मराठी कानावर पडतं. या वेळी बाबा बरोबर होते. एसटीतून निवृत्त झाल्यावर एकदा तरी बर्फातून चालायचं असं त्यांनी ठरवलं होतं आणि त्यासाठी पहाटे उठून पर्वती चढत होते. ते माथ्यावर पोचतानाचं चित्रण मला हवं होतं. बाकी काही नाही आलं तरी चाललं असतं.

कॅमेरा गोप्रो हीरो 12 हा छोटा अॅक्शन कॅमेरा, अधिकृत दुकानातून पक्क्या बिलावर घेतलेला. त्याच्यासोबत कंपनीची एक एन्ड्युरो बॅटरी येते, 1720 एमएएचची (एमएएच म्हणजे बॅटरीत किती वीज मावते त्याचं माप). पांढरी-निळी असते ती. ही बॅटरी खास थंडीसाठी काढलेली आहे, उणे 10 अंशांपर्यंत वापरता येईल असं कंपनी सांगते. आणखी दोन बॅटऱ्या आणि 256 जीबीचं मेमरी कार्ड मी एका मोठ्या खरेदीच्या साइटवरून मागवलं. विकणारा त्या साइटवरचा एक स्वतंत्र विक्रेता होता. फोटो अस्सल मालाचे, अभिप्राय चांगले, आणि किंमत अधिकृत किमतीपेक्षा थोडीशीच कमी. शंका यावी इतकी स्वस्ताई ठेवतच नाहीत हे लोक. पार्सल सीलबंद आलं, डब्यावर चकचकीत होलोग्राम होता. बॅटऱ्या चार्ज झाल्या, कॅमेऱ्याने पूर्ण चार्ज दाखवला, घरात थोडं रेकॉर्डिंगही व्यवस्थित झालं. परत करायची मुदत सात दिवसांची होती, ती आम्ही पुणे सोडण्याआधीच संपली होती.

वाटेतल्या जुडा का तालाब या तळ्यापर्यंत आणि पुढच्या कॅम्पपर्यंत मी कंपनीचीच बॅटरी वापरली. छोट्या छोट्या क्लिप घेत होते, तेवढ्याला ती पुरली. शिखराच्या दिवशी अपरात्री निघालो. तिन्ही बॅटऱ्या रात्रभर स्लीपिंग बॅगमध्ये माझ्याजवळ होत्या आणि चालताना एकाच लोकरी मोज्यात घालून आतल्या खिशात ठेवल्या होत्या. हे मुद्दाम सांगतेय, कारण पुढे विक्रेत्याने "तुम्ही नीट ठेवल्या नसतील" असंही म्हणून पाहिलं. शेवटच्या चढाखाली उजाडायला लागलं. ट्रेक लीडरच्या थर्मामीटरवर उणे 8 होतं. मी नवी बॅटरी घातली. पडद्यावर 100 टक्के. बाबा चार पावलं चालून काठीवर टेकत होते, मी मागून चित्रण करत होते. आकडा डोळ्यांदेखत 60 वर आला, मग एकदम लाल, आणि कॅमेरा बंद. दुसरी घातली, तिचंही तेच. शेवटी कंपनीची जुनी बॅटरी घातली, रात्री तंबूत पॉवर बँकेवर चार्ज केलेली. ती माथ्यावरच्या त्रिशुळापर्यंत चालली. समोरच्या स्वर्गारोहिणी आणि काळानाग या शिखरांवर ऊन पडत असताना तीही एकदा बंद झाली. काढून काखेत धरली, थोड्या वेळाने घातली, तर परत सुरू झाली. नव्या दोन्ही तशाच काखेत धरल्या होत्या. त्या शेवटपर्यंत उठल्या नाहीत.

खरी खूण हीच. लिथियम-आयन बॅटरीत गारठ्याने आतलं द्रावण घट्ट होतं, आयनांची ये-जा मंदावते, अंतर्गत रोध वाढतो. कॅमेऱ्याने जोरात वीज ओढली की व्होल्टेज पडतं आणि कॅमेरा बॅटरी संपली असं समजून बंद होतो. वीज मात्र आतच असते. ऊब मिळाली की ती वापरता येते. म्हणजे थंडीने बंद पडलेली चांगली बॅटरी उबेत आल्यावर परत चालली पाहिजे. जी चालत नाही तिच्यात मुळात वीज मावतच नव्हती.

कार्डाचं कळलं ते सांकरीला उतरल्यावर. सुरुवातीच्या दिवसांच्या फाइली छान उघडल्या. शिखराच्या सकाळच्या फाइली यादीत दिसत होत्या, आकारही दिसत होता, उघडत मात्र एकही नव्हती. कंपनीच्या बॅटरीवर जे चित्रण झालं होतं तेही असं गेलं. बाबा शेजारी बसून विचारत होते, "दिसतंय का गं?" मी लॅपटॉप मिटला.

बनावट कार्डात आतली चिप लहान असते आणि कंट्रोलरला, म्हणजे कार्डाचा कारभार बघणाऱ्या भागाला, खोटं सांगायला शिकवलेलं असतं. संगणक विचारतो किती जागा आहे, ते सांगतं 256 जीबी. खरी जागा भरेपर्यंत सगळं सुरळीत. त्यानंतर लिहिलेलं कुठेच साठत नाही किंवा आधीच्या माहितीवर चढतं, आणि कॅमेऱ्याला वाटतं रेकॉर्डिंग चालू आहे. 4के चित्रण सेकंदाला 100 मेगाबिट वेगाने केलं तर तासाला साधारण 45 जीबी लागतात, त्यामुळे घरच्या किरकोळ चाचणीत ही लबाडी उघडी पडत नाही. ट्रेकच्या शेवटी पडते, म्हणजे शिखरावरच.

विक्रेत्याला चॅटवर लिहिलं. बॅटरीबद्दल वर सांगितलेलंच उत्तर आलं. कार्डाबद्दलही तो म्हणाला, "बर्फात कार्ड करप्ट होतं." हे तर धडधडीत खोटं आहे. मेमरी कार्डं सर्वसाधारणपणे उणे 25 अंशांपर्यंत चालतील अशीच बनवतात, आम्ही त्याच्या जवळपासही गेलो नव्हतो. साइटचं उत्तर एका ओळीचं: परत करण्याची मुदत संपली आहे.

पुण्यात आल्यावर मी तिन्ही बॅटऱ्या पूर्ण चार्ज करून, घरातल्या तापमानात, त्याच कॅमेऱ्यात, त्याच सेटिंगवर बंद पडेपर्यंत चालवल्या. नव्या दोन्ही कंपनीच्या बॅटरीच्या निम्म्या वेळेपर्यंतही पोचल्या नाहीत. पंख्याखाली, बर्फाचा मागमूस नसताना. मग मावसभावाने स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर एकेक ठेवून बघितली. तिघी दिसायला जुळ्या, पण नव्या दोघी वजनाला स्पष्ट हलक्या भरल्या. छपाई भिंगाखाली धरली तर बारीक अक्षरांच्या कडा पसरलेल्या. लेबलवर बीआयएसच्या (भारतीय मानक ब्युरोच्या) चिन्हाखाली आर-नंबर, म्हणजे नोंदणी क्रमांक होता. आपल्याकडे अशा बॅटऱ्यांना आयएस 16046 या मानकाखाली नोंदणी सक्तीची आहे, आणि तो नंबर 'बीआयएस केअर' अॅपमध्ये टाकून कोणालाही तपासता येतो. आमच्या नंबरवर भलत्याच कंपनीच्या अॅडॅप्टरची नोंद निघाली. हा स्क्रीनशॉट पुढे सगळ्यात उपयोगी पडला.

त्याच्या जाहिरातीतही एक पुरावा होता. "हीरो 9 ते हीरो 13 सर्वांना चालेल" असं त्यात लिहिलं होतं. हीरो 13 ची बॅटरी वेगळी आहे, 1900 एमएएचची, ती आधीच्या कॅमेऱ्यांना लागत नाही आणि आधीच्या बॅटऱ्या हीरो 13 ला लागत नाहीत. अस्सल माल विकणारा असं लिहूच शकत नाही. त्याच नेहमीच्या आकारात दोन-अडीच हजार एमएएच देतो म्हणणाऱ्यांपासूनही लांब राहा. आणि काहीही झालं तरी बॅटरी फोडून आत बघू नका, पेट घेते.

कार्ड एच2टेस्टडब्ल्यू या मोफत प्रोग्रॅमने तपासलं. तो पूर्ण कार्ड भरतो आणि परत वाचून जुळवतो. 256 जीबीतलं जेमतेम 32 जीबी खरं निघालं. मॅक किंवा लिनक्सवर यासाठी एफ3 आहे. मोठ्या कार्डाला कित्येक तास लागतात, रात्री लावून झोपायचं.

एवढं हातात घेऊन मी 1915 वर, म्हणजे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. शिवाय साइटच्या तक्रार अधिकाऱ्याला वेगळा मेल केला. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे त्याने 48 तासांत पोच द्यायची असते आणि महिन्याभरात निवारण करायचं असतं. मेलमध्ये रागाचा एकही शब्द लिहिला नाही. बिल, जाहिरातीचा स्क्रीनशॉट, आर-नंबरचा निकाल, कार्डाच्या चाचणीचा निकाल आणि बॅटऱ्यांच्या घरातल्या चाचणीचा व्हिडिओ जोडला. केदारकंठ्याचा उल्लेख मुद्दाम टाळला, कारण थंडी हा शब्द आला की त्यांना पळवाट मिळते. "मुदत संपली" हे उत्तर त्यानंतर परत आलं नाही, पूर्ण पैसे आले. आले नसते तर जिल्हा ग्राहक आयोगात जायची तयारी होती. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, आणि दोन वर्षांची मुदत असते. वकील लागतोच असंही नाही.

पैशांपेक्षा मला जास्त लागलं ते बाबांचं चित्रण गेल्याचं, आणि त्याची भरपाई कुठलाच आयोग देऊ शकत नाही. म्हणून जायच्या आधी काय करायचं तेही सांगते. बॅटरी आणि कार्ड आल्या दिवशीच तपासा, परतीची मुदत चालू असताना. बॅटरी नव्या-जुन्या लागोपाठ, बंद पडेपर्यंत चालवा. कार्ड पूर्ण भरून वाचा. एका मोठ्या कार्डाऐवजी दोन लहान घ्या आणि शिखराच्या आदल्या रात्री बदला. विमानात सुट्या बॅटऱ्या केबिनच्याच बॅगेत ठेवाव्या लागतात, हे विसरू नका. वर तंबूत गारठलेली बॅटरी लगेच चार्जिंगला लावू नका. शून्याखाली चार्ज केल्यास आत धातूरूप लिथियम साचतं आणि अस्सल बॅटरीही कायमची खराब होते. आधी स्लीपिंग बॅगमध्ये ऊब येऊ द्या. बाहेरून तंबूत येताना कॅमेरा झिप पिशवीत बंद करून आणा, म्हणजे लेन्सवर आणि आत दव धरत नाही.

त्या विक्रेत्याचं पान साइटने काढून टाकलं. पण तेच फोटो आणि तोच "हीरो 9 ते 13" वाला मजकूर दुसऱ्या नावाने परत दिसतोय. मी दिसेल तेव्हा रिपोर्ट करते. तुमच्याकडे अशी बॅटरी आली असेल तर फेकू नका, विकू नका, तिच्यावरचा आर-नंबर आजच तपासा आणि जुळला नाही तर 1915 ला कळवा.